अरबी समुद्रातलं वादळ: आपण त्याच्या कुठल्या अंगाला आहोत?

पोफळीचं_आगर (धागाकर्ता)

मे निम्मा सरला की नातेवाइकांच्या ग्रुपवर रंगीत नकाशे फिरायला लागतात. निळ्या समुद्रात एक लाल गोळा, त्यातून निघालेली रेघ आणि खाली एकच प्रश्न: "आपल्याकडे येतंय का?" रेघ दुसऱ्या जिल्ह्याकडे वळलेली दिसली की सगळे निर्धास्त होतात. मीही व्हायचो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हापासून होत नाही, आणि त्यासाठीच हा धागा काढतोय.

आमचं घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या बाजूला. आदल्या रात्रीपर्यंत टीव्हीवर अलिबाग आणि मुंबईचंच नाव चाललं होतं. आम्ही गुरं सोडली, कौलांवरून दोर ओढून घेतले, पाणी भरून ठेवलं. तरी घरात सगळ्यांचं मत हेच, की वादळ वरच्या अंगाला जातंय, आपल्याला फार तर त्याची शेपटी लागेल. निसर्ग दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. वारा ताशी ११० ते १२० किमी, मधले झोत १३० पर्यंत. आम्ही तिथून बरेच खाली, दक्षिणेला. आणि आमची वाडी अर्ध्या दिवसात भुईसपाट झाली. आजोबांनी लावलेले माड, त्यांच्या आडोशाने वाढलेल्या पोफळी, जायफळं, सगळं.

दोन दिवसांनी कोयता आणि करवत घेऊन वाट मोकळी करायला लागलो तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. पोफळी एकावर एक पडल्या होत्या, पण वेड्यावाकड्या नव्हत्या. ढिगात खाली असलेल्या सगळ्यांचे शेंडे वायव्येकडे. त्यांच्यावर आडव्या पडलेल्या सगळ्यांचे शेंडे ईशान्येकडे. पहिला वारा आग्नेयेकडून आला, तो दक्षिणेवरून फिरत नैर्ऋत्येला गेला, आणि पहिल्या माऱ्यात वाचलेली झाडं दुसऱ्यात गेली. वादळ आपल्या कुठून कसं गेलं, ते त्या ढिगात लिहून ठेवलेलं होतं.

मग वाचायला लागलो. आपल्या उत्तर गोलार्धात चक्रीवादळातला वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. वादळ ज्या दिशेला चाललंय तिकडे तोंड करून उभं राहिलात, तर उजव्या अंगाला फिरणारा वारा आणि वादळाची स्वतःची चाल एकाच दिशेला असतात, त्यांची बेरीज होते. डाव्या अंगाला वजाबाकी. निसर्ग ईशान्येकडे चाललं होतं, म्हणजे त्याचं उजवं अंग दक्षिणेला: श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मंडणगड, केळशी, आम्ही. मुंबई डाव्या अंगाला राहिली. तिथे वारा जमिनीकडून समुद्राकडे होता, त्यामुळे पाणीसुद्धा किनाऱ्यावर चढलं नाही. मुंबई वाचली याचं कौतुक तेव्हा खूप झालं. आमच्या वाटेला काय आलं हे कळायलाच लोकांना चार-पाच दिवस लागले, कारण फोन बंद, वीज बंद, रस्ते झाडांनी बंद.

पुढच्याच वर्षी तौक्ते. ते सरळ उत्तरेकडे, समुद्रातूनच वर गेलं आणि १७ मे २०२१ च्या रात्री दीवजवळ, उनाच्या बाजूला जमिनीवर आलं. रेघ पाहिली तर महाराष्ट्राला कुठेच टेकत नव्हती. पण वादळ उत्तरेला चाललंय आणि किनारा पूर्वेला, म्हणजे सावंतवाडीपासून डहाणूपर्यंत अख्खा किनारा उजव्या अंगाला. वादळाचा डोळा मुंबईपासून शंभराहून अधिक किलोमीटर समुद्रात असताना कुलाब्याला ताशी ११४ किमीचा झोत नोंदला गेला. सांताक्रूझला एका दिवसात २३० मिमी पाऊस, तोही मे महिन्यात.

म्हणून आता नकाशा आला की मी रेघेचं टोक बघत नाही. रेघ कुठल्या दिशेला चाललीये आणि माझं गाव तिच्या कुठल्या हाताला येतं, ते आधी बघतो. इथे समुद्रावरचे, बंदरावरचे, बाहेरगावचे बरेच लोक आहेत. तुमचे अनुभव लिहा. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, तोंडावर आहे, उपयोग होईल.

---

शांत_किनारा

वाचनखूण साठवली. झाडांच्या शेंड्यांचं निरीक्षण अंगावर आलं. आमच्या मुरूडच्या वाडीतही दोन थर होते, आम्ही नुसते तोडत सुटलो. कुणाच्या डोक्यात आलं नाही.

---

नेरूळ_सेक्टर_वीस

प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारते. नेट बंद, टीव्ही बंद, वारा सुटलाय. अशा वेळी वादळ कुठे आहे हे घरात बसलेल्या माणसाला कळण्याचा काही मार्ग आहे का?

---

पोफळीचं_आगर

आहे ताई, आणि दोन हात पुरतात. वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहा. डावा हात आडवा पसरा. कमी दाबाचं केंद्र त्या हाताच्या बाजूला, जरासं पुढे असतं. वाराच आग्नेयेचा असेल तर तुमचं तोंड वायव्येला, डावा हात नैर्ऋत्येला, म्हणजे वादळ नैर्ऋत्येला समुद्रात. बाय्ज बॅलट नावाच्या डच हवामानतज्ज्ञाचा एकोणिसाव्या शतकातला हा नियम.

दुसरी पायरी: वारा कसा फिरतोय ते तासातासाला बघा. आग्नेय, दक्षिण, नैर्ऋत्य असा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरत असेल तर तुम्ही उजव्या, जड अंगाला आहात. पूर्व, ईशान्य, उत्तर असा उलटा फिरत असेल तर डाव्या. दिशा तीच राहून जोर वाढत असेल तर वादळ तुमच्याच रोखाने येतंय.

इमारतींच्या मध्ये किंवा डोंगराच्या कुशीत वारा वळतो, तिथे हे फसतं. दिशा बघायची ती खिडकीतून खालच्या थरातले ढग किंवा मोकळ्यावरचा झेंडा बघून. वारा जोराचा झाल्यावर बाहेर जाऊन हात पसरू नका, ही विनंती.

---

सेकंडमेट

मर्चंट नेव्हीत अठरा वर्षं काढली, त्यामुळे राहवत नाही. आगरवाल्या दादांनी सांगितलं तेच आम्हाला पहिल्या वर्षी घोटून घेतलेलं असतं. उजव्या अंगाला आम्ही धोक्याचं अर्धवर्तुळ म्हणतो. तिथला वारा जहाजाला वादळाच्या वाटेवर ढकलतो, डाव्या अंगाचा वारा वाटेपासून मागे नेतो. 'सायक्लोन' हा शब्दही आपल्याच बाजूचा. कोलकात्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टनने १८४८ मध्ये खलाशांसाठीच्या पुस्तकात तो वापरला, बंगालच्या उपसागरात बुडालेल्या जहाजांच्या नोंदवह्या तपासता तपासता. विषुववृत्ताच्या खाली, मॉरिशसकडे गेलात, की हे सगळं उलटं होतं: जड अंग डावं, आणि पसरायचा हात उजवा.

आता दाबाबद्दल. आपल्या उष्ण पट्ट्यात बॅरोमीटर घड्याळासारखा चालतो. सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे चार आणि दुपारी चारला खाली. रोज, न चुकता. ही लय ज्याला पाठ आहे त्याला वादळ आधी कळतं. ही रोजची चढउतार वजा करूनही दाब नेहमीपेक्षा ३ मिलिबारने खाली दिसला की कॅप्टनला उठवायचं. ५ ने खाली गेला की वादळ जवळपास आहे यात शंका ठेवायची नाही.

अंदाजाची रेघ किती मानायची यासाठी एक जुना हिशेब आहे, एक-दोन-तीन म्हणतात. अंदाजातली जागा २४ तासांत १०० सागरी मैल चुकू शकते, ४८ तासांत २००, ७२ तासांत ३०० असं धरायचं आणि जोराच्या वाऱ्याच्या कडेपासून तेवढं अंतर आणखी ठेवायचं. आता अंदाज पुष्कळ सुधारलेत, तरी मी हा हिशेब सोडलेला नाही.

आणि एक गोष्ट सगळ्या किनाऱ्याला माहीत हवी. 'लाटांची उंची ३ मीटर' असं अंदाजात लिहिलेलं असतं, तेव्हा ती सर्वांत मोठी लाट नसते. समुद्रातल्या लाटांपैकी मोठ्या एकतृतीयांश लाटांची ती सरासरी असते. काही तासांत एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट येतेच. ३ मीटर वाचून निघालेल्या माणसाला ५-६ मीटरची लाट भेटते आणि त्याला वाटतं अंदाज चुकला. अंदाज बरोबर होता, आकड्याचा अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता.

तौक्तेच्या वेळी मुंबईबाहेरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात कामगारांच्या राहण्याच्या पी-३०५ बार्जवर (सपाट तळाच्या तरंगत्या तराफ्यावर) २६१ जण होते. नांगर ओढले गेले, बार्ज भरकटला, तेलविहिरीच्या फलाटावर आपटला आणि बुडाला. आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता त्या समुद्रात गेल्या आणि रात्रभर माणसं उचलत राहिल्या, तरी ७० हून अधिक गेले. त्यावर मी फार लिहू शकत नाही. माझ्याबरोबर शिकलेली मुलं त्या भागात काम करतात.

---

देवगडचो

आमचा अनुभव ओखीचा. नोव्हेंबर २०१७ च्या शेवटी कन्याकुमारीच्या बाजूला ते एका दिवसात एवढं वाढलं की केरळ-तमिळनाडूच्या बोटी परत फिरायच्या आत सापडल्या. आठ-दहा दिवसांच्या फेरीला गेलेली माणसं ती, किनाऱ्यापासून लांब. मोबाइल तिथे कुठला लागणार? इशारा निघाला, पण तो त्यांच्या कानापर्यंत गेलाच नाही. कित्येक घरांत माणूस परतला नाही.

त्यातल्याच काही बोटी वाऱ्याबरोबर वर येत येत आमच्या जिल्ह्यात लागल्या. ६८ बोटी, ९५२ माणसं. देवगडचं बंदर खाडीच्या आत, तिन्ही बाजूंनी आडोसा, म्हणून वादळात सगळे इथेच शिरतात. सकाळी जेटीवर गेलो तर बोटीला बोट लागलेली. एक वयस्क तांडेल (बोटीचा प्रमुख) धक्क्यावर उतरला आणि तिथेच दगडावर बसून राहिला. ओठ मिठाने फुटलेले, दोन्ही तळव्यांची कातडी दोराने गेलेली. भाषा कळत नव्हती. आमच्या आईने पेजेचं भांडं पुढे केलं. त्याने आधी बोटीकडे बोट दाखवलं, वर पाच बोटं धरली: आत पाच जण आहेत, त्यांना आधी. मग आमच्या वाडीतल्या बायकांनी तीन दिवस भात शिजवला.

माझे बापूस म्हणायचे, "दर्यो गुरगुराक लागलो की जाळी वर काढा, वाऱ्याची वाट बघू नकात." लहानपणी वाटायचं ही नुसती म्हण. याचं कारण कुणाला माहीत असेल तर सांगा. वारा नसताना समुद्र आधी का गुरगुरतो?

---

लाटमोजणी

देवगडकर, तुमच्या वडिलांचं वाक्य फळ्यावर लिहून समजावता येईल इतकं बरोबर आहे.

वादळ समुद्राला ढवळतं तेव्हा लांब लाटा तयार होतात आणि त्या वादळाला मागे टाकून पुढे निघतात. खोल पाण्यात अशा लाटांचा गठ्ठा किती वेगाने सरकतो याचा सोपा हिशेब: दोन लाटांमधले सेकंद मोजा, त्याची दीडपट करा, तेवढे नॉट. १२ सेकंदांची लाट असेल तर १८ नॉट, म्हणजे ताशी ३३ किमी. चोवीस तासांत जवळजवळ ८०० किमी. वादळ स्वतः बहुतेक वेळा ताशी १०-१५ किमीने सरकतं. मग आधी कोण पोचणार? लाटच. ती उथळ पाण्यात आली की उंच होते, फुटते, आणि आभाळ निरभ्र असताना किनारा गुरगुरतो.

रोजच्या वाऱ्याच्या लाटा ५-६ सेकंदांच्या असतात. घड्याळ घेऊन किनाऱ्यावर बसा, फुटणाऱ्या लाटा मोजा. अंतर १२-१४ सेकंदांवर गेलं आणि वारा मात्र पडलेला असेल, तर लांब कुठेतरी काहीतरी झालेलं आहे. ते 'लांब' म्हणजे किती, तर दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळी पट्ट्यातून निघालेल्या लाटा काही दिवसांनी केरळात येऊन घरांत शिरतात. तिथे त्याला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा आलेला समुद्र. हैदराबादची इन्कॉइस संस्था आता त्याचा इशारा आधी देते.

ओखीचंच बघा. ३ डिसेंबरला दत्तजयंती होती, पौर्णिमा, आणि चंद्र पृथ्वीच्या जवळ. उधाणाची भरती आधीच मोठी. त्यावर ओखीच्या लाटा. वादळ शेकडो किलोमीटर बाहेर असताना गोव्याच्या किनाऱ्यांवरच्या शॅकमध्ये पाणी शिरलं. हेच भांगाच्या भरतीला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) झालं असतं तर एवढं चढलं नसतं. त्यामुळे वादळाची बातमी आली की मी पंचांग उघडून तिथी बघतो.

---

कोळीवाड्यातली

लाटमोजणी दादा, हे जुहूला कुणीतरी मोठ्या पाटीवर लिहून लावा. जून २०२३ ला बिपरजॉय बाहेरून जात होतं. मुंबईत ऊन पडलेलं, लोक म्हणाले वादळ तर कच्छला चाललंय. त्याच दिवसांत जुहूला पोरं पाण्यात गेली आणि बुडाली. आमच्यासारख्यांच्या घरातली पोरं, समुद्राच्या कडेला वाढलेली.

माझा नवरा आणि दीर दोघं बोटीवर. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की बाहेरच्यांना वाटतं, लागला बावटा, सगळ्यांना कळलं. बावटा बंदरातल्याला दिसतो हो. जो चार दिवस आधी गेलाय त्याला कोण दाखवणार? मोबाइल दहा-बारा मैलांपर्यंत, पुढे वायरलेस. आमच्या बोटीचा सेट एका मोसमात बंद पडला होता. दुरुस्तीला दिला त्या माणसाने तीन आठवडे नुसते फेरे मारायला लावले, आणि मालक म्हणाले, शेजारच्या बोटीवर आहे ना सेट, त्यांच्याबरोबर राहा. मी मंगळसूत्र गहाण ठेवून दुसरा सेट घेतला. कुणी काही म्हणो. चॅनल १६ वर आवाज आला की मी रात्री झोपते.

१ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा जीव शांत असतो. आमची खरी भीती बंदीच्या दोन्ही बाजूंची: मे महिना आणि दिवाळीच्या आगेमागे.

---

पोफळीचं_आगर

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. सेट घेतलात ते योग्य केलंत.

तुम्ही म्हणता त्या दोन खिडक्यांचं कारण लिहितो. वादळाला ऊब लागते, समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर आणि तेही पन्नासेक मीटर खोलवर. मेमध्ये आपला समुद्र २९-३० च्या घरात असतो. ऐन पावसाळ्यात खालचा वारा नैर्ऋत्येचा आणि वरचा पूर्वेचा, दोन्ही जोरात, त्यामुळे उभं राहणारं वादळ मधूनच कापलं जातं. मान्सूनच्या आधी आणि नंतर ही कात्री ढिली पडते. फयान नोव्हेंबरातलं (२००९), क्यार आणि महा ऑक्टोबरच्या शेवटी (२०१९, दोन्ही एकाच वेळी अरबी समुद्रात), तौक्ते मेचं, निसर्ग जूनच्या पहिल्या आठवड्यातलं.

---

मस्कतवासी

इकडच्या किनाऱ्यावरून लिहिते. तुमच्याकडून निघालेलं बरंचसं आमच्याकडे येतं. जून २००७ ला गोनू आलं तेव्हा आम्ही मस्कतमध्ये नवीन होतो. वाळवंटात वादळ म्हणजे वारा, असं वाटलं होतं. आलं ते पाणी. कोरड्या वाद्या, ज्यांतून आम्ही गाडी चालवत बाजाराला जायचो, त्या नद्या झाल्या. पाऊस थांबल्यावर नळाला पाणी नाही, कारण पिण्याचं पाणी समुद्राचं गोडं करून येतं आणि ती यंत्रणाच बंद पडली. सगळीकडे पाणी आणि घरात पाच लिटरचा एक कॅन, त्यावर चौघं दोन दिवस.

२०२१ च्या ऑक्टोबरला शाहीन आलं, ३ तारखेला, मस्कतच्या वायव्येला बातिना किनाऱ्यावर. त्याचं मूळ कुठलं ते इथे कुणाला माहीत आहे का?

---

मांजराकाठ

मला माहीत आहे, कारण ते आमच्या डोक्यावरून गेलं.

बंगालच्या उपसागरात गुलाब वादळ झालं, २६ सप्टेंबरला आंध्रच्या किनाऱ्याला लागलं. जमिनीवर आल्यावर त्याचं नाव बातम्यांतून गेलं. पण विरलेला तो कमी दाब तेलंगणातून मराठवाड्यात आला. २८ तारखेला मांजरा धरणाचे दरवाजे उघडले आणि लातूर, उस्मानाबाद, बीडच्या काठच्या गावांत सोयाबीन उभंच्या उभं पाण्यात गेलं. आमचं काढणीला आलेलं होतं. शेंगांना झाडावरच मोड आले. आमच्या भागात लोक दुष्काळाचे आकडे तोंडपाठ सांगतात, वादळाचा विचार कधी कुणी केलेला नव्हता. समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटर.

तोच कमी दाब पुढे गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, गरम पाणी मिळालं, पुन्हा उभा राहिला आणि शाहीन नाव घेऊन तुमच्याकडे आला. ताई, तुमच्या वाद्यांना आणि आमच्या मांजरेला एकाच आठवड्यात एकाच वादळाने पूर आणला.

---

मस्कतवासी

हे वाचून काटा आला. माझं माहेर औशाचं आहे. तेव्हा आईशी रोज बोलत होते, ती तिकडच्या पावसाचं सांगायची, मी इकडे खिडक्यांना टेप लावत होते. दोन्ही एकच होतं हे आज कळलं.

---

सेकंडमेट

मांजराकाठ, उत्तम नोंद. एक भर घालतो: किनाऱ्यापलीकडे गेल्यावर वाऱ्याचा वेग आणि नाव दोन्ही उतरतात, पाऊस उतरत नाही. हवामान खात्याच्या वर्गवारीत ३१ ते ४९ किमीच्या वाऱ्याला डिप्रेशन, ५० ते ६१ ला तीव्र डिप्रेशन, ६२ पासून पुढे चक्रीवादळ आणि नाव. ही सगळी मोजणी वाऱ्याची आहे. पावसासाठी जिल्ह्याचा इशारा वेगळा बघावा लागतो.

---

कोळीवाड्यातली

काल रात्री दिराला आगरवाल्या दादांचा डावा हात समजावून सांगितला. तो म्हणाला, हे आम्हाला माहीत आहे, आजोबा करायचे, पण असं का ते कुणी सांगितलं नव्हतं. मग त्याने केबिनच्या फळीवर खडूने होडी काढली, वाऱ्याचा बाण काढला आणि डावीकडे गोल. खाली लाटांचे सेकंद लिहायला जागा ठेवली. बोटीवर दोन पोरं नवीन आहेत, ओडिशाची. त्यांना वाचता येत नाही मराठी, पण चित्र कळलं. एकाने लगेच पाठ फिरवून हात पसरून दाखवला.

खडू पाण्याने जाईल म्हणून आज रंग आणायला चाललेय. लाल चालेल ना?

---

पोफळीचं_आगर

पिवळा घ्या ताई. रात्री टॉर्चच्या उजेडात लाल नीट दिसत नाही.